जिभेवर पांढरं दिसलं, तर आधी काय पाहायचं?



पाचवीला ज्ञानेंद्रियांचा पाठ आला की मी मुलांना घरून छोटा आरसा आणायला सांगते. आपली जीभ आपणच बघायची, जे दिसेल त्याचं चित्र वहीत काढायचं आणि खाली दोन ओळी लिहायच्या. मुलांना हा तास फार आवडतो, कारण वर्गात जीभ बाहेर काढायची अधिकृत परवानगी मिळते!

मागच्या एका वर्षी या तासाला तीन मुलांनी चित्रात पांढरा रंग वापरला. एका मुलीने जिभेवर चक्क नकाशा काढला होता. दम्याचा पंप घेणाऱ्या एका मुलाने दह्याचे कण काढले होते. आणि एकाने लिहिलं होतं, "माझा गाल आतून पांढरा आहे. तिखट लागलं की आग होते." मधल्या सुट्टीत तिघांचाही एकच प्रश्न, "मॅडम, हे काय आहे?"

तिघांचंही पांढरंच, पण तिघांचं कारण वेगवेगळं निघालं. त्याच दिवशी घरी गेल्यावर मला चौथी जीभ आठवली. ती आमच्या मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. तिच्यावरचा पांढरा डाग मी वर्षभर बघत होते आणि "दुखत नाही ना? मग काही नसेल," असं म्हणून सोडून देत होते. त्याबद्दल पुढे सांगतेच. आजच्या पाठात आपण जिभेवरच्या पांढऱ्या डागाचं कारण कसं शोधतात ते समजून घेऊ.

पांढरं दिसतं म्हणजे नेमकं काय होतं?

निरोगी जीभ गुलाबी असते आणि वरून थोडी खरखरीत, मखमलीसारखी. हा खरखरीतपणा हजारो बारीक धाग्यांसारख्या उंचवट्यांमुळे येतो. गंमत म्हणजे या धाग्यांसारख्या उंचवट्यांत चव ओळखणाऱ्या कलिका नसतातच. त्या दुसऱ्या प्रकारच्या, गोलसर उंचवट्यांत असतात. (जाता जाता: "टोकाला गोड, मागे कडू" हा जिभेचा नकाशा आपण लहानपणी शिकलो, पण तो चुकीचा आहे. सगळ्या चवी जिभेच्या सगळ्याच चव घेणाऱ्या भागांवर कळतात. वर्गात अजून तो शिकवला जात असेल तर बदलून घ्या.)

जीभ पांढरी दिसायला साधारण तीन गोष्टी कारणीभूत ठरतात.

१. वर काहीतरी बसलेलं असतं. दूध, अन्नाचे कण, मेलेल्या पेशी, जंतू किंवा बुरशी. भिंतीवर धूळ बसावी तसं.

२. वरची त्वचाच जाड झालेली असते. आपली नखं आणि केस ज्या केराटिन नावाच्या पदार्थाचे बनतात, तोच तिथे जास्त साठतो. हा जाड थर लाळेत भिजला की पांढरा दिसतो. खूप वेळ धुणं धुतल्यावर बोटांची कातडी पांढरी पडते ना, तसंच.

३. त्वचेखाली बदल झालेला असतो. आतले तंतू घट्ट होतात, रक्तपुरवठा कमी होतो आणि भाग फिकट, पांढुरका पडतो.

धूळ पुसली जाते, पण भिंतच बदलली असेल तर पुसून काय होणार? निदानाची पहिली पायरी यातूनच येते.

तीन प्रश्न, याच क्रमाने

पहिला प्रश्न: पुसलं जातं का? हात स्वच्छ धुवा. मऊ, स्वच्छ सुती कापड ओलं करून बोटाला गुंडाळा आणि हलक्या हाताने एकदोनदा पुसा. खरवडायचं नाही. लहान मूल रडत असेल तर जबरदस्ती नको.

दुसरा प्रश्न: कुठे आहे, आणि तिथेच आहे का? जिभेच्या वर, कडेला, खाली, गालाच्या आत, हिरडीवर, टाळूवर? आज इथे आणि चार दिवसांनी तिथे, असं होतं का? मोबाइलवर फोटो काढून ठेवला की तारीखही आपोआप नोंदली जाते.

तिसरा प्रश्न: किती दिवस झाले? तोंडातली त्वचा फार लवकर भरून येते. साधी जखम बहुतेक वेळा दोन आठवड्यांच्या आत बरी होते. म्हणून दोन आठवडे ही आपली सीमारेषा.

आता एकेक उत्तर घेऊन पुढे जाऊ.

पुसलं जाणारं पांढरं

सकाळी उठल्यावर जिभेवर सगळीकडे पातळ पांढरट थर असतो. रात्री लाळ कमी सुटते, म्हणून तो साचतो. ताप आला, पाणी कमी प्यायलं, नाक चोंदून तोंडाने श्वास घेतला, उपास घडला, तरी थर वाढतो. घासल्यावर जातो आणि आजार बरा झाला की दिसेनासा होतो. यासाठी डॉक्टर गाठायची गरज नसते. भरपूर पाणी आणि रोज जीभ घासणं पुरतं.

तान्ह्या बाळाच्या जिभेवर दुधाचा थर असतो. तो फक्त जिभेवर असतो, सहज पुसला जातो आणि दूध पिऊन बराच वेळ झाला की कमी होतो. पण पांढरे, दह्यासारखे कण जिभेबरोबर गालाच्या आत, हिरड्यांवर, टाळूवरही असतील, सहज निघत नसतील आणि निघाल्यावर खाली लालभडक दिसत असेल किंवा थोडं रक्त येत असेल, तर ती बहुधा बुरशी. तिचं नाव कॅन्डिडा. ती थोड्या प्रमाणात अनेकांच्या तोंडात असतेच. इतर जंतू कमी झाले किंवा शरीराची ताकद कमी पडली की ती फोफावते.

तान्ह्या बाळांत ती बऱ्यापैकी आढळते आणि डॉक्टरांच्या औषधाने बरी होते. आईच्या स्तनाग्रांनाही आग किंवा दुखणं असेल तर ते डॉक्टरांना सांगायला हवं, नाहीतर बाळाकडून आईला आणि आईकडून बाळाला असं चक्र चालू राहतं.

मोठ्या मुलाला बुरशी झाली की मात्र "का झाली?" हा प्रश्न विचारायचा. नुकताच अँटिबायोटिकचा कोर्स झाला आहे का? दम्याचा स्टिरॉइडचा पंप चालू आहे का? माझ्या वर्गातल्या दह्याच्या कणांचं उत्तर हेच होतं. पंप घेतल्यावर तो चूळ भरत नव्हता, त्यामुळे औषध तोंडातच राहत होतं. डॉक्टरांनी बुरशीचं औषध दिलं, पंपाला नळकांडं (स्पेसर) लावायला सांगितलं आणि प्रत्येक वेळी खळखळून चूळ भरून थुंकायला सांगितलं. पालक घाबरून पंपच बंद करतात, ते अजिबात करू नका. दमा बळावला तर ते जिवावर बेतू शकतं.

दोन्हीपैकी काहीच नसेल आणि बुरशी पुन्हा पुन्हा होत असेल, तर डॉक्टर रक्तातली साखर तपासतात. मूल सारखं पाणी पितं, तासाला लघवीला जायचं म्हणतं, डबा संपवूनही बारीक होत चाललंय, ही लक्षणं सोबत असतील तर एक दिवससुद्धा थांबू नका. "हा नुसता वर्गाबाहेर जायचे बहाणे करतो," असं आपण शिक्षक पटकन म्हणून टाकतो. तो बहाणा नसून मधुमेह असू शकतो. मुलांमधला मधुमेह वाट बघत नाही, काही दिवसांत मूल बेशुद्ध होण्यापर्यंत जाऊ शकतं.

मोठ्या माणसांत मधुमेह, रात्रभर तोंडात ठेवलेली कवळी, कोरडं तोंड, केमोथेरपी, एचआयव्हीसारखी प्रतिकारशक्ती कमी करणारी कारणं, ही बुरशीमागची नेहमीची यादी.

जागा बदलणारं पांढरं

आता नकाशावाली मुलगी. तिच्या जिभेवर लाल, गुळगुळीत बेटं होती आणि त्यांना पांढरट किनार. आठवड्याने पाहिलं तर बेटं सरकलेली! याला नकाशा-जीभ म्हणतात (जिओग्राफिक टंग). जिभेवरचे बारीक धागे काही ठिकाणी गळून पडतात, तिथे पुन्हा उगवतात आणि दुसरीकडे गळतात. दिसायला भीती वाटते, पण ही संसर्गजन्य नाही, धोकादायक नाही आणि तिला सहसा औषधही लागत नाही. आंबट-तिखटाने चुरचुरलं तर ते पदार्थ थोडे कमी करायचे, इतकंच. त्या मुलीच्या शेजारी बसायला दोघींनी नकार दिला होता. त्यांना "हे लागत नाही गं" हे समजावून सांगणं, हाच तिच्यावरचा खरा उपचार ठरला.

दुखणारं पांढरं

"तोंड आलंय" असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेकदा छोटा गोल व्रण असतो. मध्ये पिवळट-पांढरा आणि भोवती लाल कडा. भयंकर झोंबतो, पण आठ ते चौदा दिवसांत जातो. गरम चहाने भाजलं, दात लागला, दुखऱ्या दाताशी गोळी किंवा लवंगेचं तेल धरून ठेवलं, तरी त्या जागची त्वचा पांढरी पडते आणि नंतर बरी होते.

शिक्षकांसाठी आणखी दोन खुणा. तापाबरोबर जीभ आधी पांढरी आणि मग स्ट्रॉबेरीसारखी लाल, घसा दुखतोय, अंगावर खरखरीत पुरळ, तर तो स्कार्लेट फीव्हर असू शकतो. ताप, खोकला, लाल डोळे आणि गालाच्या आत दाढांसमोर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, तर गोवर. हे ठिपके अंगावर पुरळ यायच्या एकदोन दिवस आधी दिसतात. दोन्हींत मुलाला घरी पाठवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला सांगा.

न पुसलं जाणारं, न हलणारं आणि न दुखणारं पांढरं

आता मामंजींची गोष्ट. चाळीस वर्षं तंबाखू. चुना मळून डाव्या गालात धरायची सवय. जिभेच्या डाव्या कडेला नखाएवढा पांढरा चट्टा. पुसला जात नव्हता, हलत नव्हता आणि मुख्य म्हणजे दुखत नव्हता. मामंजी म्हणायचे, "चुना लागलाय, जाईल." मी विज्ञानाची शिक्षिका, पण मीही मान हलवायची. दुखतं ते वाईट आणि दुखत नाही ते बरं, हे गणित आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय.

तोंडाच्या बाबतीत हे गणित बऱ्याचदा उलटं असतं. झोंबणारा छोटा व्रण आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप जातो. न दुखणारा, न पुसला जाणारा चट्टा मात्र गुपचूप बसून राहतो. त्याला दुसरं कोणतंही कारण सापडलं नाही, तर डॉक्टर त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. तो कॅन्सर नाही. पण त्यातले काही चट्टे पुढे कॅन्सरमध्ये बदलतात आणि कोणते बदलतील हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. जिभेची कड, जिभेची खालची बाजू आणि तोंडाचा तळ या जागा जास्त जोखमीच्या. पांढऱ्यात लाल मिसळलेलं असेल, चट्टा खडबडीत किंवा कडक लागत असेल, मध्ये जखम असेल, तर जोखीम आणखी वाढते.

आपल्याकडे याचं मोठं कारण म्हणजे तंबाखू, मग ती कोणत्याही रूपात असो: मळलेली तंबाखू, विडी, विदर्भातला खर्रा, आणि बायकांच्या हाती सर्रास दिसणारी मिश्री. "मी तंबाखू खात नाही, फक्त दात घासते," असं म्हणणाऱ्या आजीबाई भेटतील. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. भारतातल्या पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या कॅन्सरमध्ये तोंडाचा कॅन्सर आघाडीवर आहे, त्यामागे हीच सवय आहे.

प्रत्येक न पुसला जाणारा चट्टा असाच असतो असं मात्र नाही. दोन्ही गालांत जाळीसारख्या पांढऱ्या रेषा असतील तर तो लायकेन प्लॅनस असू शकतो. तो मध्यम वयाच्या बायकांत जास्त दिसतो आणि त्यावरही डॉक्टरांची नजर असावी लागते. गालाच्या आत दातांच्या रेषेत आडवी पांढरी रेघ असेल तर ती दातांच्या घासण्याने पडते, तिची काळजी नको.

तिसरं मूल: "तिखट लागलं की आग होते"

या मुलाने मला सगळ्यात जास्त काळजीत टाकलं. शाळेच्या वाटेवरच्या दुकानात रंगीत पुडीत मिळणारी गोड सुपारी तो रोज खायचा. घरच्यांना माहीत होतं. "तंबाखू थोडीच आहे? सुपारीच तर आहे," असं त्याची आई म्हणाली.

सुपारीत तंबाखू नसली तरी ती निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये खुद्द सुपारीलाच माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. सुपारीमुळे तोंडाच्या त्वचेखालचे तंतू हळूहळू घट्ट होतात. गाल आतून फिकट, संगमरवरासारखा पांढरा पडतो, तिखट सोसत नाही आणि पुढे तोंड उघडणंच कमी होत जातं. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. एकदा तंतू घट्ट झाले की पूर्ववत होणं अवघड, म्हणून लवकर थांबणं महत्त्वाचं.

एक सोपी पाहणी: मुलाला स्वतःचीच मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. तीन बोटं जात नसतील तर दंतवैद्याला दाखवा. आमच्या मुलाची तिन्ही बोटं गेली. दंतवैद्यांनी "अगदी सुरुवात आहे, सुपारी बंद म्हणजे बंद" असं सांगितलं. आता तो दर काही महिन्यांनी तपासणीला जातो.

डॉक्टर निदान कसं करतात?

आधी विचारपूस: किती दिवस, कोणती औषधं, कोणती सवय. मग चांगल्या उजेडात सगळं तोंड बघणं, पुसून बघणं, बोटाने दाबून कडकपणा पाहणं आणि मानेत गाठी आहेत का ते तपासणं. बुरशीचा संशय असेल तर तिथलं थोडं खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. गरजेनुसार रक्ततपासणी होते. टोकदार दात घासत असेल तर तो गुळगुळीत करतात, तंबाखू बंद करायला लावतात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बघतात. चट्टा तरीही असेल किंवा पहिल्याच नजरेत संशयास्पद वाटला, तर बायोप्सी करतात. म्हणजे जागा बधिर करून छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवतात.

"बायोप्सी केली की कॅन्सर पसरतो" हे आमच्याही घरात ऐकवलं गेलं. पारावरच्या गप्पांत तर हे ठरूनच गेलेलं असतं. हा समज चुकीचा आहे. तुकडा काढल्याने आजार पसरत नाही. न काढल्याने तो ओळखू येत नाही आणि वेळ वाया जातो. मामंजींच्या तपासणीत पेशींमध्ये सुरुवातीचे बदल निघाले. कॅन्सर झालेला नव्हता. चट्टा काढून टाकला, तंबाखू सुटली (दोनदा परत धरून मग सुटली), आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते. मी आणखी एक वर्ष "दुखत नाही ना?" म्हणत बसले असते तर काय निघालं असतं, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

हे उपाय करू नका

- बाळाच्या तोंडात टाकणखार लावू नका, मधात घालूनही नाही. टाकणखार बाळाच्या अंगात शोषला जातो, विषबाधा होऊन झटके येऊ शकतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला नुसता मधही द्यायचा नसतो.
- डॉक्टरांना दाखवायच्या आधी जांभळं औषध लावू नका. खालचं काही दिसत नाही.
- पांढरा चट्टा ब्रशने किंवा नखाने खरवडू नका.
- "बी कॉम्प्लेक्स घे, जाईल" म्हणून महिनाभर थांबू नका. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडलं की जीभ सहसा लाल, गुळगुळीत होते. पांढरा चट्टा हे त्याचं लक्षण नव्हे.

शिक्षक म्हणून आपण काय करायचं?

आपण निदान करायचं नाही आणि मुलाच्या तोंडात बोटही घालायचं नाही. मुलाला आरशात बघू द्यायचं, त्याचं म्हणणं ऐकायचं, तारीख लिहून ठेवायची आणि पालकांना एकट्यात सांगायचं. सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. अशा मुलांची नावं त्या दिवशी आठवणीने पुढे करा. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, हे मुख्याध्यापकांच्या आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या कानावर घाला. गोड सुपारीच्या पुडीचा विषयही त्याच बैठकीत काढा. घरात कुणाला तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत मार्गदर्शन मिळतं.

थोडक्यात

- घासून जातं, सगळीकडे पातळ आहे: स्वच्छता आणि पाणी.
- दह्यासारखं, खाली लाल: बुरशी. डॉक्टरांना दाखवा आणि कारण विचारा.
- जागा बदलतं: नकाशा-जीभ. घाबरू नका.
- दुखतं, दोन आठवड्यांत जातं: व्रण किंवा भाजणं.
- पुसलं जात नाही, हलत नाही, दोन आठवडे झाले: दुखत नसलं तरी दंतवैद्याकडे जा. दुखत नसेल तर नक्कीच जा.

मुलांसाठी उपक्रम: रविवारी सकाळी उजेडात, घरातल्या सगळ्यांनी आरशासमोर तोंड तपासायचं. जिभेची वरची बाजू, दोन्ही कडा, खालची बाजू, दोन्ही गाल. आजी-आजोबांची तपासणी नातवंडांनी करायची आणि वहीत तारखेसह लिहायचं. आमच्या मामंजींनी माझं वर्षभर ऐकलं नव्हतं. दंतवैद्याकडे ते गेले ते नातीने वहीत लिहिलेलं वाक्य वाचून: "आजोबांचा डाग मागच्या रविवारी होता, या रविवारीपण आहे."